गाळा सोडताना डिपॉझिट कापलं? आधी विचारा, वस्तू किती वर्षांची होती



या आठवड्याच्या व्हिडिओत डिपॉझिटचा विषय घेतला, पण आकडे स्क्रीनवरून भराभर गेले, हे मलाही एडिटिंगनंतर जाणवलं. म्हणून तेच प्रकरण इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा, कारण यात थोडा गुणाकार-भागाकार आहे.

माझ्या बॅचमधल्या एक ताई. पुण्यात पार्लर चालवतात. जून २०२१ मध्ये त्यांनी एक गाळा ३६ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर घेतला. भाडं महिना २८,०००, डिपॉझिट २ लाख. गाळा रिकामा नव्हता. आधी तिथे कुणाचं तरी ऑफिस होतं, त्यामुळे एक एसी, खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे आणि बाहेरच्या भागात एक नवा कोरा सोफा असं मालकांचं सामान होतं. मे २०२४ ला करार संपला, ताईंनी वेळेवर चावी दिली. १५ जूनपर्यंत नव्या जागेचं दीड लाख डिपॉझिट भरायचं होतं. ताईंचा हिशोब सरळ होता: इथले दोन लाख येतील, त्यातले दीड तिकडे जातील, उरलेल्या पन्नासात दोन खुर्च्या आणि एक बेसिन.

चावी दिल्यानंतर पाचव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मालकांचा कागद आला.

नवीन एसी: ४१,५००
नवीन पडदे: ९,६००
नवीन सोफा: २६,०००
रंगकाम: २२,०००
एकूण वजावट: ९९,१००
परत देणे: १,००,९००

ताईंचा मला फोन. "सर, मी काय गाळा जाळला का हो?"

मी म्हटलं, ताई, आधी एक सांगा, तो एसी किती सालचा होता? त्यांना माहीत नव्हतं. करार काढून बघितला, तर सामानाच्या यादीत एवढंच: एसी, नग १. सोफा, नग १. पडदे, नग ६. सगळं भांडण या "नग १" मध्ये दडलेलं असतं. नग लिहिला की वस्तू होती एवढं सिद्ध होतं. ती कोणत्या कंपनीची, किती जुनी, कोणत्या अवस्थेत, यातलं काहीच सिद्ध होत नाही.

आता मूळ मुद्दा, आणि हा लक्षात राहिला तर बाकी लेख विसरलात तरी चालेल. मालकाचं नुकसान म्हणजे नव्या वस्तूची किंमत नव्हे. त्याच्या जुन्या वस्तूचं जे आयुष्य शिल्लक होतं आणि तुमच्या चुकीमुळे वाया गेलं, तेवढंच त्याचं नुकसान.

रिक्षावाल्याला हे लगेच कळतं. टायर ४० हजार किलोमीटर चालणारा आहे. ३० हजार झाल्यावर कुणाच्या चुकीने तो फाटला, तर वाया गेले १० हजार किलोमीटर, म्हणजे पाव टायर. पूर्ण टायरचे पैसे मागणारा माणूस तीस हजार किलोमीटर फुकट फिरला असं होईल ना? एसी, सोफा, पडदे यांचंही तेच. जुन्याच्या बदल्यात भाडेकरूच्या पैशाने नवं घेणं ही भरपाई होत नाही, मालकाचा तो फायदा होतो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं गणित नाही. आपल्याकडे करारभंगाची भरपाई १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर चालते. कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते, आणि ते नुकसान कमी करण्याचे काय मार्ग हातात होते तेही बघितलं जातं. करारात "सामानाला धक्का लागल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त" असं ठोकून लिहिलेलं असलं, तरी कलम ७४ म्हणतं की मिळेल ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. शिवाय जवळजवळ प्रत्येक करारात "नैसर्गिक झीज वगळून" हे शब्द असतात. इंग्रजी करारात शोधत असाल तर "वेअर अँड टेअर". १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, भाडेपट्ट्यासाठी हेच तत्त्व आहे: जागा घेतली तशी परत करा, पण वाजवी वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी नाही. आपला लिव्ह अँड लायसन्स तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसतो, त्यामुळे ते कलम थेट लागू होतं असं मालकाला ठणकावू नका. तुमच्या करारातलं झिजेचं वाक्य दाखवा, ते पुरेसं आहे.

इंग्लंडमध्ये तर यावर वेगळी व्यवस्थाच उभी आहे. तिथे एप्रिल २००७ पासून घरभाड्याचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं, आणि भांडण झालं तर त्या योजनेतला निवाडा करणारा माणूस वस्तूचं वय, तिचा दर्जा आणि साधारण आयुष्य बघून आकडा ठरवतो. नवं मागणाऱ्या मालकाला तो नवं देत नाही. ते नियम आपल्या गाळ्याला लागू नाहीत, पण गणिताची रीत उचलायला हरकत नाही.

वस्तूचं आयुष्य किती धरायचं?

इथेच सगळे अडतात. मालक म्हणतो सोफा पंधरा वर्षं टिकतो, तुम्ही म्हणता पाच. मग दोघांच्याही बाहेरचा एक आकडा घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मालमत्तेचं उपयुक्त आयुष्य दिलेलं आहे. सर्वसाधारण फर्निचर आणि फिटिंग १० वर्षं. हॉटेल, रेस्टॉरंट अशा ठिकाणचं, जिथे दिवसभर माणसांची उठबस असते, ते ८ वर्षं. विजेची फिटिंग १० वर्षं. हे आकडे कंपन्यांच्या हिशोबासाठी आहेत, डिपॉझिटच्या भांडणासाठी नाहीत, हे मान्य. पण समोरच्याला "हे माझं मत नाही" असं सांगता येतं, आणि वाटाघाटीत त्याला फार किंमत असते.

पार्लर यादीत नाही, पण तिथली उठबस हॉटेलसारखीच. म्हणून सोफा आणि पडद्यांना आम्ही ८ वर्षं धरली, एसीला १०.

आता एकेक वस्तू घेऊ.

पडदे. हेअर कलरचे डाग होते. ताईंनी स्वतःच कबूल केलं, "सर, ते माझ्याच मुलींकडून झालंय." डाग ही झीज नाही, नुकसान आहे. ते द्यायचं. पडदे मालकांच्याच सांगण्यावरून २०१९ चे, म्हणजे ५ वर्षं वापरलेले. शिल्लक ३ वर्षं. ९,६०० चे ३/८ म्हणजे ३,६००.

सोफा. हा २०२१ चा नवा होता, मालकांकडे १८,००० चं बिल होतं. एका बाजूचं रेक्झिन फाटलं होतं. शिल्लक ५ वर्षं, १८,००० चे ५/८ म्हणजे ११,२५०. पण थांबा. सांगाडा ठणठणीत, स्प्रिंग ठीक. सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून आम्ही लेखी दर घेतला: पूर्ण रेक्झिन बदलून ५,५००. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचा खर्च आणि उरलेलं मूल्य, यात जे कमी ते द्यायचं. मालकांनी २६,००० चा घेतला, तो त्यांच्या आवडीचा. १८ चा सोफा होता, २६ चा झाला, वरचे ८ कुणाच्या खिशातून?

एसी. इथे खरी मजा आली. बाहेरच्या युनिटवर स्टिकर असतो, त्यावर उत्पादनाचं साल असतं. जुना एसी मालकांनी नव्या एसीच्या एक्स्चेंजमध्ये दिला होता, पण सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने काढलेला फोटो ताईंच्या मोबाईलमध्ये सापडला. साल २०१७. म्हणजे एसी ७ वर्षांचा. आणि बिघाड कशाचा? काँप्रेसर गेला. ताईंकडे सर्व्हिसिंगची चार बिलं होती. नियमित सर्व्हिस केलेल्या सात वर्षांच्या एसीचा काँप्रेसर जाणं ही सरळ सरळ झीज. माझ्या मते देणं शून्य. अगदी ताईंची चूक धरली, तरी शिल्लक ३/१०, म्हणजे १२,४५०, आणि त्यातून एक्स्चेंजमध्ये मिळालेली रक्कम वजा. ही एक्स्चेंजची गोष्ट नेहमी विचारा. "जुनी वस्तू कुठे गेली आणि तिचे किती आले?" या प्रश्नावर फोनवर बऱ्याचदा शांतता पसरते.

रंग. यात करार काय म्हणतो ते आधी वाचा. "जाताना एक हात रंग देऊन जाणे" असं लिहून तुम्ही सही केली असेल, तर आयुष्य-झीज काही चालत नाही, द्यायचा. ताईंच्या करारात तसं नव्हतं. तीन वर्षांत रंग फिका पडणारच. पण आरशांसाठी एका भिंतीत मोठमोठी भोकं पाडली होती, आणि वॅक्सच्या टेबलामागे भिंत तेलकट. तेवढ्या दोन भिंती त्यांच्या.

काकांशी बोलणं

गणित झालं, पण गणिताने पैसे येत नाहीत, बोलण्याने येतात. मालक साठीच्या पुढचे गृहस्थ, ताई त्यांना काका म्हणायच्या. ताई म्हणत होत्या, "सर, वकिलाची नोटीसच पाठवू." मी म्हटलं, नोटीस कुठे पळत नाही. पैसे वसूल करण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण १५ जून पळतोय. कोर्टात तुम्ही जिंकाल कदाचित, तोवर नवा गाळा दुसऱ्याला जाईल.

काका लबाड आहेत असं मला वाटलं नाही, आणि पुढे तसं निघालंही नाही. त्यांच्या डोक्यातलं गणित साधं होतं: मी एसी दिला होता, मला चालू एसी परत हवा. नवा भाडेकरू तर नवा एसी असल्याशिवाय गाळा घेत नव्हता. त्यांच्या दृष्टीने खर्च खरा होता, बिलं खरी होती. बहुतेक डिपॉझिटची भांडणं अशीच असतात. दोन प्रामाणिक माणसं, दोन वेगळी गणितं. तुम्ही पहिल्याच वाक्यात "तुम्ही लुबाडताय" म्हणालात की तो माणूस बिलं दाखवतो आणि विषय संपतो.

ताईंनी समोर बसून, चहा पिऊन, कागद पुढे ठेवला. आधी जे आपलं आहे ते सांगितलं: "काका, पडदे माझ्याकडून खराब झाले, सोफा फाटला, दोन भिंती माझ्या. याचे पैसे मी देणार." मग एसीचा फोटो आणि सर्व्हिसची बिलं. काका म्हणाले, "अगं, पण मला ४१ हजार गेले ना!" ताई म्हणाल्या, "हो काका, पण तुमच्याकडे आता दहा वर्षं चालणारा एसी आहे. माझ्यासोबत तो होता तेव्हा तीनच वर्षं उरली होती."

हे वाक्य आम्ही आधी चार वेळा बोलून बघितलं होतं, हेही सांगतो.

शेवटी ठरलं: पडदे ३,६००, सोफा ५,५००, भिंती ८,०००, आणि एसीचे ५,०००, जे माझ्या हिशोबात बसत नव्हते. मी नाही म्हणालो, ताई हो म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. पाच हजारांसाठी पंधरा दिवस घालवले असते तर नवी जागा गेली असती. एकूण २२,१०० कापून १,७७,९०० रुपये खात्यात आले. पहिल्या कागदापेक्षा ७७,००० जास्त.

तुम्हीच वस्तू बदलली असेल तर

इथे मला माझी फजिती सांगावी लागेल. माझा पहिला क्लास एका जुन्या इमारतीतल्या हॉलमध्ये होता. मालकांचे बारा लाकडी बाक तिथे होते, जड आणि कुरकुरणारे. मी उत्साहात ते भंगारवाल्याला १,८०० रुपयांना दिले आणि प्लॅस्टिकच्या छान खुर्च्या आणल्या. मालक एकदा येऊन गेले, हॉल बघून "वा, चकाचक केलंत" म्हणाले. मी समजलो परवानगी मिळाली. तीन वर्षांनी सोडताना खुर्च्या माझ्या म्हणून घेऊन गेलो, आणि डिपॉझिटमधून ३०,००० कापले गेले. कारण? "माझे बारा सागवानी बाक."

ते सागवानी होते का? मला आजही शंका आहे. पण माझ्याकडे फोटो नव्हता, आणि दुसऱ्याची वस्तू विकली होती मी. भांडायला तोंड नव्हतं.

म्हणून, मालकाची जुनी वस्तू नको असेल तर फेकू नका, विकू नका. लिहून विचारा: "तुमचं जुनं काउंटर मला नको आहे, कुठे पाठवू?" व्हॉट्सअॅपवर "टाकून द्या" असं उत्तर आलं तरी तो पुरावा आहे, तो जपा. परत नेणार नसतील तर माळ्यावर ठेवा, त्याचा फोटो काढा. ट्यूबलाइट काढून एलईडी पॅनेल लावलेत तर ट्यूबच्या पट्ट्या एका खोक्यात ठेवा. जाताना आपलं काढून त्यांचं लावता येतं. आणि तुमची चांगली वस्तू तिथेच सोडून जाणार असाल, तर तिची रक्कम डिपॉझिटच्या हिशोबात आधी लेखी ठरवा. "काका बघतील काहीतरी" यावर सोडू नका.

पहिल्या दिवशी करायचं काम

चावी हातात आली की फर्निचर आत न्यायच्या आधी अर्धा तास द्या. मोबाईलवर एक सलग व्हिडिओ, शटरपासून सुरू करून संडासाच्या नळापर्यंत, तोंडाने तारीख बोलत. प्रत्येक यंत्राच्या स्टिकरचा जवळून फोटो. आधीचे ओरखडे, डाग, फुटकी टाइल, सगळं. मग तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा, सोबत एक ओळ: "ताबा घेताना असलेली स्थिती, काही राहिलं असेल तर कळवा." तुमच्याच मोबाईलमध्ये राहिलेल्या व्हिडिओपेक्षा, त्याच दिवशी त्यांच्याकडे पोहोचलेल्या व्हिडिओचं वजन जास्त.

करारातल्या यादीत "नग १" च्या पुढे साल आणि अंदाजे किंमत लिहून घ्या. शक्य झालं तर एक अट टाका: वस्तू बदलावी लागल्यास वय आणि आयुष्य यांच्या प्रमाणात वजावट, बिल आणि फोटोसह, ताबा दिल्यापासून १५ दिवसांत. दहातले सहा मालक ही अट सहज मान्य करतील, कारण त्या दिवशी त्यांना तुम्ही हवे असता.

आणि करार नोंदवलेला असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट बँकेतूनच द्या. अर्धं रोख दिलेलं डिपॉझिट परत मागताना लोकांची काय अवस्था होते ती मी बघितली आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. कपात होणार म्हणून चावी अडवून बसू नका. मुदतीनंतर जागा धरून ठेवली तर दुप्पट भाडं, अशी अट बऱ्याच करारांत असते, आणि मग तुमची खरी बाजूही त्या रकमेत बुडते. चावी द्या, पण ताबा पावती घ्या, तारीख आणि सहीसकट.

बोलून जमलं नाही, तर हे पत्र वापरा. नावं-आकडे तुमचे टाका.

"सप्रेम नमस्कार. आपला गाळा मी दिनांक ____ रोजी रिकामा करून चावी आपल्याकडे दिली, त्याची पावती सोबत आहे. आपण डिपॉझिटमधून रु. ____ कापल्याचे कळवले. पुढील वस्तूंचे नुकसान माझ्याकडून झाले हे मला मान्य आहे: ____. त्यांचे वय व आयुष्य धरून रक्कम रु. ____ होते, हिशोब सोबत जोडला आहे. बाकी वस्तूंबाबत खरेदीचे साल, नव्या खरेदीचे बिल आणि जुन्या वस्तूचे आलेले पैसे यांचा तपशील कृपया द्यावा. वाद नसलेली रक्कम रु. ____ दिनांक ____ पर्यंत माझ्या खात्यात जमा करावी ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. वाद पन्नास हजारांचा असतो आणि अडकतात पूर्ण दोन लाख. वादात नसलेली रक्कम आधी सोडवून घ्या, बाकीवर सावकाश बोला. पत्र व्हॉट्सअॅपवरही पाठवा आणि स्पीड पोस्टानेही, पावती जपून ठेवा. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर वकिलाकडे जाताना करार, ताबा पावती, पहिल्या दिवसाचा व्हिडिओ आणि हे पत्र, एवढं एका फाइलमध्ये घेऊन जा. त्यांचाही वेळ वाचतो, तुमची फीही.

पुढच्या व्हिडिओत गाळ्याच्या वीज मीटरवरून होणारी भांडणं घेतोय. तोवर तुमच्या कराराची सामानाची यादी काढून बघा, आणि "नग १" च्या पुढे काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा.